घरपट्टी आपली, अनुदान दिल्लीचं

(रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, सप्टेंबर २०२४ मध्ये, सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्याते सी विंगमधील सभासद असून स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या कामातून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



काल इथे जादूचे प्रयोग झाले, उद्या पाककला स्पर्धा आहे. मधल्या दिवशी मिळकतकरावर व्याख्यान ठेवण्याचं धाडस सांस्कृतिक समितीने केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक आणि तुमचे आभार. विषय कोरडा आहे, मला माहीत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे मला तो तितका कोरडा वाटत नाही, पण घरच्या मंडळींचं मत वेगळं आहे.

विषय निघाला तो ऑगस्टमधल्या वार्षिक सभेत. आठवतंय ना? महापालिकेची स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत, तिच्यासाठीचा पीटी-३ फॉर्म, आणि त्याला जोडायचं सोसायटीचं पत्र. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत अशा तिघा-चौघा सभासदांनी सुचवलं की सचिवांनी आम्हालाही ‘मालक स्वतः राहतात’ असं पत्र द्यावं. सचिव गप्प बसले. तेव्हा मागच्या रांगेतून एक वाक्य आलं, आणि त्याला टाळ्याही पडल्या. वाक्य असं : “सगळा पैसा शेवटी दिल्लीहूनच येतो हो, आपल्या चार फ्लॅटच्या घरपट्टीने महापालिकेला काय फरक पडतो?”

कुणी म्हटलं ते मी सांगणार नाही, ते इथेच बसले आहेत. पण वाक्य महत्त्वाचं आहे, कारण ते बहुतेकांना खरं वाटतं. पेपरात रोज वाचतो, केंद्राने अमुक हजार कोटी दिले, तमुक योजनेचं उद्घाटन झालं. मग वाटतं की शहर दिल्लीच्या पैशावर चाललंय आणि आपली घरपट्टी म्हणजे देवळातल्या दानपेटीतलं नाणं. हे खरं आहे का, एवढंच आज बघायचं आहे.

आधी दिल्लीपासूनच सुरुवात करू. केंद्र सरकार आयकर, कंपनीकर, जीएसटी वगैरे गोळा करतं. त्यातले उपकर आणि अधिभार, म्हणजे तुमचे ते सेस आणि सरचार्ज, वाटणीत येतच नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. उरलेल्या वाटणीच्या रकमेतले शंभर रुपये धरा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ४१ रुपये सगळ्या राज्यांना मिळून दिले. त्या ४१ रुपयांत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. म्हणजे किती झाले? दोन रुपये एकोणसाठ पैसे. आता सांगा, त्यात पुणे महापालिकेचा हिस्सा किती?

शून्य.

हिस्सा म्हणून शून्य. राज्यघटनेने केंद्राच्या करांत वाटेकरी केलं आहे ते राज्यांना, शहरांना नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, महापालिका-नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. बाराव्या परिशिष्टात अठरा कामांची यादी आली : पाणी, रस्ते, आरोग्य, अग्निशमन, बागा, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानं, अगदी कोंडवाडेसुद्धा. कामांची यादी दिली, पण करांची यादी दिली नाही. कोणता कर शहराने लावायचा, कोणता राज्याने लावून शहराला द्यायचा, ते सगळं राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं. संसार वेगळा मांडून दिला, पण किराणा मोठ्या भावाला विचारून आणायचा, असा प्रकार.

मग दिल्लीहून येतं ते काय? येतं ते अनुदान. हिस्सा आणि अनुदान यांतला फरक घरातल्या गृहिणीला कुणी शिकवायला नको. हिस्सा म्हणजे शेतीच्या उत्पन्नातला आपला वाटा, तो मागावा लागत नाही. अनुदान म्हणजे दिवाळीची ओवाळणी. ताटात काय पडेल ते घालणाऱ्याने ठरवायचं.

ही अनुदानं पहिल्यांदा सुचवली दहाव्या वित्त आयोगाने, १९९५ ते २००० या पाच वर्षांसाठी. देशातल्या सगळ्या शहरांना मिळून रक्कम होती १,००० कोटी. आपल्या सोसायटीची नोंदणी १९९९ ची, म्हणजे आपण आणि ही अनुदानं जवळपास एका वयाची. तिथून वाढत वाढत पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी शहरांना १,२१,०५५ कोटी सुचवले. आकडा ऐकून डोळे दिपतात. म्हणून मी एक साधा भागाकार केला. पाच वर्षांनी भागलं की वर्षाला साधारण २४,२०० कोटी. २०११ च्या जनगणनेत शहरांत राहणारे लोक होते ३७ कोटी ७० लाख. भागा. वर्षाला माणशी सुमारे ६४० रुपये, महिन्याला ५३. आज शहरातली माणसं वाढली आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आरोग्याची अनुदानं यात धरलेली नाहीत, ती वेगळी असतात. पण ती धरली तरी चित्र फार बदलत नाही. चार माणसांच्या कुटुंबामागे वर्षाला अडीच हजार रुपये. आपल्या घरपट्टीचं बिल काढून शेजारी ठेवा.

आणि हे ५३ रुपयेसुद्धा मोकळे येत नाहीत. पुण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरांसाठी वेगळा निधी ठेवला आहे, देशभरासाठी ३८,१९६ कोटी. त्यातला एक तृतीयांश हवेची गुणवत्ता सुधारली तर. दोन तृतीयांश पाणी, सांडपाणी, कचरा यांची ठरवून दिलेली उद्दिष्टं गाठली तर. म्हणजे त्या पैशातून शाळेचं छप्पर दुरुस्त करायचं म्हटलं तर जमणार नाही. लहान शहरांना थोडी मोकळीक आहे, त्यांच्या रकमेतला ४० टक्के भाग बंधनमुक्त असतो. मोठ्यांना ती नाही.

आता येते ती खरी गंमत. या अनुदानांच्या दारात उभं राहण्याआधी दोन अटी आहेत. एक, महापालिकेचे तपासलेले हिशेब लोकांना बघता येतील असे ऑनलाइन टाकलेले असावेत. आमच्या खात्यातल्या लोकांना ही अट वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! दुसरी अट मालमत्ता कराची. राज्याने त्या कराचे किमान दर अधिसूचित करावेत, आणि २०२२-२३ पासून शहराची मालमत्ता कराची वसुली दरवर्षी निदान राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या सरासरी वाढीच्या वेगाने वाढावी. नाही वाढली तर शहराचं अनुदान अडचणीत.

मागच्या रांगेतलं वाक्य आता परत आठवा. दिल्लीचा पैसा येतो म्हणून घरपट्टीने फरक पडत नाही, असं ते वाक्य होतं. दिल्लीने नेमकं उलटं लिहून ठेवलंय. घरपट्टी नीट गोळा कराल तरच आमचा पैसा.

दुसरी वाट योजनांची. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम आली. बीआरटीचे मार्ग आणि बसगाड्या त्यातल्याच, त्यांचं पुढे काय झालं तो आजचा विषय नाही, आणि तो विषय काढला तर आरतीला उशीर होईल. त्या योजनेतही अट होती : मालमत्ता कराची व्याप्ती आणि वसुली ८५ टक्क्यांपर्यंत न्या. मग २०१५ मध्ये अमृत आणि स्मार्ट सिटी. स्मार्ट सिटीत केंद्राने एका शहराला पाच वर्षांत ५०० कोटी द्यायचे, आणि तेवढेच राज्य आणि महापालिकेने मिळून घालायचे. म्हणजे केंद्राचा पैसा घेण्यासाठीही आपल्याकडे घालायला पैसा हवा. लग्नात आहेर मिळतो, पण हॉलचं भाडं आधी भरावं लागतं ना, तसं. एक योजना मात्र मी उदार म्हणेन. मुळा-मुठा शुद्धीकरणाच्या ९९० कोटींच्या प्रकल्पासाठी जपानच्या जायका संस्थेकडून कर्ज केंद्राने घेतलं आणि खर्चाचा ८५ टक्के भाग महापालिकेला अनुदान म्हणून देऊ केला. नदी काही अजून शुद्ध झालेली नाही, पण पैशाची व्यवस्था चांगली होती, हे हिशेबनीस म्हणून मान्य करायला हवं.

आता राज्याकडे येऊ, कारण रोजच्या खर्चाला लागणारा मोठा पैसा तिथून येतो. इथे साठीच्या पुढचे बरेच जण आहेत, त्यांना जकात आठवते. शहराच्या वेशीवर नाके, ट्रकच्या रांगा, पावत्या, आणि पावत्यांखेरीजही बरंच काही. जकात वाईट होती, ट्रकवाल्यांचा वेळ आणि डिझेल खायची, भ्रष्टाचाराला खतपाणी घालायची. ती गेली ते चांगलंच झालं. पण तिच्यात एक गुण होता. ती त्याच दिवशी, रोख, महापालिकेच्या तिजोरीत पडायची, मंत्रालयात फाइल जायची नाही. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात जाऊन एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी आंदोलनं केली, दुकानं बंद राहिली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला आणि तूट राज्याने भरायची ठरलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि मुंबईची जकातही त्यात विरली.

त्या वेळी महाराष्ट्राने एक कायदा केला, स्थानिक प्राधिकरणांना नुकसानभरपाईचा. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ देऊन रक्कम द्यायची. मुंबईला पहिला मासिक धनादेश मिळाला तो ६४७ कोटींचा. सूत्र चांगलं आहे, कोविडमध्ये बाजार बंद होते तेव्हा या सूत्रानेच महापालिकांना तगवलं. पण बघा काय झालं ते. २०१६-१७ चे १०० रुपये या सूत्राने २०२३-२४ मध्ये १७१ होतात. शहरात तेवढ्या काळात चार मॉल उघडू देत, आयटी पार्क भरू देत, व्यापार दुप्पट होऊ दे, महापालिकेला मिळणार १७१ च. शहर वाढतं तसा कचरा वाढतो, पाणी वाढतं, पण व्यापारावरच्या करातलं तिचं उत्पन्न ठरलेल्या पायऱ्यांनीच चढतं. जकातीत शहराचा हात स्वतःच्या खिशात होता. आता तो दुसऱ्याच्या खिशाकडे बघतो.

नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर. घटनेच्या २७६ व्या कलमाने हा कर स्थानिक संस्थांनाही लावता येतो, आणि तामिळनाडू-केरळात तो शहरंच गोळा करतात. आपल्याकडे १९७५ पासून तो राज्याचा आहे, मूळ हेतू रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याचा. म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुरासाठी दिलेला वाटा. हेतू थोर, मी त्यावर बोट ठेवणार नाही. पण ही अडीच हजारांची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीची आहे! तेव्हा अडीच हजारांत किती दिवस घर चालायचं ते आठवा. पंधराव्या आयोगाने ती १८,००० करा असं सुचवलं आहे. अजून तरी झालेलं नाही, त्यामुळे आयटीवाल्यांनी निश्चिंत राहावं.

आता तुमचं घरपट्टीचं बिल. मी सहा जणांना येताना बिल आणायला सांगितलं होतं, दोघांनी आणलं. चालेल. त्यात ओळी बघा. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ, मलप्रवाह, पथकर, महापालिकेचा शिक्षण कर. आणि आणखी एक शिक्षण कर आहे, तो राज्याचा. खाली रस्त्याकडेला आपली जी दुकानं आहेत त्यांच्या बिलात रोजगार हमी उपकरही दिसेल, तोही राज्याचा. सव्वाशे चौरस मीटरपेक्षा मोठं घर असेल तर मोठ्या निवासी जागेचा वेगळा कर असतो, तो राज्याचा. आपल्याकडे तेवढा फ्लॅट कुणाचाच नाही, काळजी नसावी. हे राज्याचे कर महापालिका तुमच्याकडून गोळा करते आणि सरकारकडे भरते. म्हणजे सभेतलं वाक्य आणखी एका बाजूने उलटं पडतं. वरून खाली पैसा येतो हे खरं, पण घरपट्टीच्या बिलातून खालून वरही जातो.

आणि केंद्र सरकार स्वतः घरपट्टी भरतं का? हा प्रश्न मला ए विंगमधल्या एका काकूंनी जिन्यात विचारला होता. उत्तर : नाही. घटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक कर माफ आहे. पुण्यात केंद्राच्या मालमत्ता किती आहेत ते तुम्ही जाणता. टपाल कार्यालयं, रेल्वेच्या जागा, प्रयोगशाळा, वसाहती. रस्ता त्यांना लागतो, दिवे लागतात, आगीचा बंब लागतो. मग कराऐवजी सेवाशुल्क द्यायचं ठरलं. राजकोट महापालिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, २००९ मध्ये त्याचा निकाल लागला. सगळ्या सेवा घेत असतील तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेत असतील तर ५०, काहीच घेत नसतील तर ३३ १/३ टक्के. म्हणजे सगळ्यात चांगल्या परिस्थितीतही पाव भाग सुटतो, तो कोण भरून काढतं? बिल हातात धरलेल्या दोघांकडे बघा.

सवलतींचंही तसंच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला. निर्णय राज्याचा, आनंद रहिवाशांचा, आणि तूट मुंबई महापालिकेची. आपली ४० टक्क्यांची सवलत तर १९७० ची, त्या वेळच्या महापालिकेच्या ठरावाने सुरू झालेली. २०१८ मध्ये राज्याने तो ठराव रद्द केला, २०२३ मध्ये राज्यानेच सवलत पुन्हा लागू केली. निर्णय चांगला की वाईट ते बाजूला ठेवा. आपल्या शहराने कुणाकडून किती कर घ्यायचा हेही शहर एकटं ठरवत नाही, एवढं लक्षात घ्या.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याला मी फोनवर विचारलं, तुमच्याकडे कसं काय? तिथे घरांवर कौन्सिल टॅक्स असतो, १९९३ पासून. घरांचे ए ते एच असे आठ गट पाडलेत, आणि गट ठरवताना घराची किंमत धरतात ती १ एप्रिल १९९१ ची. आजही! फेरमूल्यांकन करायची कुठल्याच सरकारची छाती होत नाही. दुकानं-कचेऱ्यांवरच्या कराचा अर्धा भाग २०१३ पासून स्थानिक कौन्सिलांकडे ठेवायची पद्धत आली, उरलेला केंद्राकडे जातो आणि अनुदानरूपाने फिरून येतो. तेव्हा आपल्यासारखी दुखणी त्यांनाही आहेत. जुन्या वाड्याला नाममात्र कर आणि शेजारच्या नव्या फ्लॅटला भरमसाट, हे आपल्याच शहरात घडतं असं नाही. फक्त तिथे स्थानिक व्यापार वाढला तर वाढीतला वाटा कौन्सिलला थेट मिळतो, हे मला आवडलं.

आता उरलेला प्रश्न : मग घरपट्टी इतकी महत्त्वाची का? महापालिकेचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक साडेअकरा हजार कोटींच्या घरात. त्यात जीएसटीची भरपाई मोठी आहे, बांधकाम परवानगीचं शुल्क मोठं आहे, मान्य. पण बांधकामाचं उत्पन्न बाजारावर चालतं, मंदी आली की आटतं. भरपाई सूत्रावर चालते. अनुदान अटींवर चालतं. ज्याची आकारणी, वसुली आणि खर्च यांत शहराचा स्वतःचा हात सगळ्यात मोठा, असा एकच मोठा कर उरला आहे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणी योजनेसाठी कर्जरोखे काढले, २०० कोटी, ७.५९ टक्के व्याजाने. पैसे देणाऱ्यांनी काय बघितलं? दिल्लीची अनुदानं नाही बघितली. परतफेडीसाठी मालमत्ता कराच्या वसुलीचा आधार घेतला. आणि केंद्राने त्यावर बक्षीस दिलं, शंभर कोटींमागे १३ कोटी या हिशेबाने २६ कोटी. म्हणजे सावकारालाही आपली घरपट्टी भरवशाची वाटली आणि दिल्लीलाही. फक्त आपल्यालाच ती किरकोळ वाटते.

चला, आपल्या चार फ्लॅटकडे येऊ. गणित काल्पनिक आकड्यांनी करतो. समजा महापालिकेच्या दराने एका फ्लॅटचं महिन्याचं वाजवी भाडं २,००० धरलं. वर्षाचे २४,०००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, राहिले २१,६००. हे करपात्र मूल्य, याच्यावर सगळे कर लागतात. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के कमी, म्हणजे १२,९६०. फरक ८,६४० चा, आणि त्यावर जो काही एकूण दर असेल तो. चार फ्लॅटचा हिशेब काही हजारांतच राहील. शहरासाठी खरंच किरकोळ. मी नाकारत नाही.

पण ही रक्कम कुणाच्या सहीने कमी करायची आहे? आपल्या सचिवांच्या. आणि इथे मी निवृत्त असलो तरी तपासनिसाच्या नजरेने बोलतो. त्याच चार फ्लॅटकडून आपली सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, सेवाशुल्काच्या १० टक्के, सरकारच्या आदेशाप्रमाणे. पावती पुस्तकात नोंद आहे, ताळेबंदात रक्कम आहे, लेखापरीक्षण अहवालात आहे. म्हणजे एका वहीत आपण लिहितो की मालक राहत नाहीत, म्हणून शुल्क घेतलं. आणि लेटरहेडवर लिहून द्यायचं की मालक राहतात. दोन्हीवर एकच शिक्का, एकच सही. उद्या कुणी माहिती मागितली, किंवा तपासणीला माणूस आला, तर उत्तर सभासद देणार नाहीत. बिनपगारी, रात्री दहा वाजता पाण्याची मोटर बघायला उतरणाऱ्या आपल्या सचिवांना द्यावं लागेल. पंचवीस वर्षांत या सोसायटीने सहा सचिव बघितले, सगळ्यांनी हे काम फुकट केलं. त्यांच्याकडून खोटी सही मागायची नाही, एवढी माझी मागणी आहे, आणि ऑक्टोबरच्या विशेष सभेत मी तसा ठराव मांडणार आहे : सोसायटीचं पत्र फक्त त्यालाच, ज्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेतलं जात नाही. विरोधात मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण सभेला या.

ज्यांचा हक्क आहे त्यांनी मात्र तो सोडू नये. आपल्यातले तीन-चार ज्येष्ठ सभासद असे आहेत की स्वतः राहतात आणि सर्वेक्षणात त्यांची सवलत निघून गेली. त्यांनी फॉर्म, पंचवीस रुपये, सोसायटीचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन अर्ज करावा. फॉर्म भरायला मी बसतो, रविवारी सकाळी दहा ते बारा, याच सभागृहात. चष्मा विसरू नका.

(यानंतर सभासदांनी प्रश्न विचारले. त्यांतील काही.)

बी विंगमधील एक सभासद : गच्चीवर सोलर बसवलं तर घरपट्टीत काही मिळतं का?

– मिळतं. सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. ‘चालू असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. आपला गांडूळखताचा खड्डा आहे, पण गांडुळं आहेत का ते एकदा बघायला हवं. शिवाय मे अखेरपर्यंत बिल भरलं तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट असते. ती चुकवली आणि थकबाकी ठेवली तर दरमहा २ टक्के शास्ती. वर्षाला २४ झाले. एवढं व्याज कुठल्या पतपेढीत मिळतं?

ए विंगमधील काकू : मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत. मग आमचं म्हणणं मांडायचं कुणाकडे?

– ताई, हा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा मोठा आहे. कर आपण भरायचा आणि अंदाजपत्रकाला मान्यता द्यायला निवडून दिलेला एकही माणूस नाही, ही परिस्थिती चांगली नाही, आणि मी ती चांगली म्हणणार नाही. एक लहान दार उघडं आहे. २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. पाच लाखांपर्यंतची छोटी कामं आपण लेखी सुचवायची, क्षेत्रीय कार्यालयात. पदपथ, दिवे, बाकं. आपल्या कोपऱ्यावरचे दोन बंद दिवे सुचवायला कुणाच्या निवडणुकीची वाट बघायला नको.

डी विंगमधील तरुण सभासद : मी मागच्या वर्षी इथे फ्लॅट घेतला. सात टक्के मुद्रांक शुल्क भरलं. त्यातलं महापालिकेला काही जातं का?

– जातं. सातातले पाच मूळ शुल्काचे, ते राज्याचे. एक टक्का महापालिकेसाठीचा अधिभार, आणि एक टक्का मेट्रो अधिभार, तो एप्रिल २०२२ पासून. महापालिकेचा एक टक्का आधी राज्याकडे जमा होतो आणि मग राज्य महापालिकेला देतं. म्हणजे ‘शहराचा’ म्हणून घेतलेला पैसाही मुंबईला जाऊन येतो. तुम्ही पत्नीच्या एकटीच्या नावाने घेतला असतात तर सातऐवजी सहा भरावे लागले असते, पण ते आता सांगून उपयोग नाही.